चार पूर्णांक तीन अँपिअर

१

मंगळवारी सकाळी तोरिबिओ लुहानने नळीवरचा पत्रा उचकटला, आतली लोकर बाजूला सारली आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"केबल कुठाय?" ओरालियाने विचारलं.

"नाहीये, सेन्योरा."

"नीट बघ. खाली सरकली असेल."

"सरकायला ती काय विजार आहे? नाहीच आहे म्हणतो ना."

ओरालिया बेनाविदेस गुडघे टेकून खाली वाकली. चाळीस फुटांवरच्या त्या लोखंडी माचीवर उत्तरेचा वारा नुसता कापत होता. पारा नऊ अंश फॅरनहाइटवर होता, म्हणजे गोठणबिंदूच्या कितीतरी खाली. नळी अंगठ्याएवढी. बॉयलरच्या पिंपात पाणी किती आहे, ते कंट्रोल रूमला सांगायचं एवढंच तिचं काम. पण तिच्यातलं पाणी गोठलं की कंट्रोल रूम आंधळी होते आणि वीजनिर्मितीचा अख्खा संच बंद पडतो. म्हणून नळीला चिकटून हीटिंग केबल घालतात, वर लोकर, वर पत्रा. काही वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या गारठ्यात अर्धं टेक्सस अंधारात गेलं, माणसं आपल्या घरात गोठून मेली. तेव्हापासून हिवाळ्याआधी अशी प्रत्येक नळी तपासून सही करायचा नियमच झाला होता.

इथे लोकर होती, पत्रा होता. मधली केबल तेवढी नव्हती.

सोमवारी उजाडता उजाडता हीच नळी गोठली होती. संच क्रमांक एक बंद पडला आणि हॅकबेरी फ्लॅट गाव एकोणीस तास विजेवाचून राहिलं. नळी वितळवायला वर चढलेला ऑपरेटर डेल प्रुइट बर्फाळ शिडीवरून घसरला, तो थेट खालच्या काँक्रीटवर. सदतीस वर्षांचा माणूस. दोन मुलं.

"चोरी आहे, दुसरं काय!" मागून वीजकेंद्राचा मॅनेजर क्रेग ओडम म्हणाला. ह्यूस्टनहून येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. "तांबं असतं ना तिच्यात? आणि या माचीवर काम केलं कुणी? कंत्राटदाराच्या माणसांनी."

लुहानचे कान लाल झाले. तो थंडीचा परिणाम नव्हता.

"मी घातली होती, साहेब. ऑक्टोबरात. या हातांनी."

"तो प्रश्नच नाही," ओडमने काखेतली फाइल उघडली. वाऱ्याने पानं फडफडली. "थंडीपूर्वीची शेवटची तपासणी झालीय. हे बघा मॅडम. नऊ जानेवारी. संच एक, पातळीची नळी. केबल चालू, चार पूर्णांक तीन अँपिअर. खाली आद्याक्षरं, डी. पी."

ओरालियाने कागद दोन्ही हातांनी धरला. म्हणजे एक तर केबल त्यानंतर चोरीला गेली होती, नाहीतर बारा दिवसांपूर्वी डेल प्रुइटने जागेवर नसलेल्या केबलमधली वीज मोजली होती.

२

"मेलेल्या माणसाला कशाला उकरायचं, पोरी?" व्हर्जिल हॅस्क्यू म्हणाले.

वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या शेगडीपाशी दोघं बसली होती. व्हर्जिलनी तिच्यासाठी कॉफी ओतली, न विचारता दोन चमचे साखर घातली. सव्वीस वर्षांपूर्वी ओरालिया याच वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा कामाला आली, तेव्हा अख्ख्या केंद्रात बाईमाणूस ती एकटी होती. बाकीचे तिला कॉफी आणायला पिटाळायचे. व्हर्जिलनी तिच्या हातात पाना दिला. पहिल्याच आठवड्यात तिने कंटाळून एका मीटरचा आकडा अंदाजाने लिहिला, तर त्यांनी तिला चार मजले पुन्हा चढायला लावले होते. "डोळ्यांनी न पाहिलेला आकडा कागदावर लिहायचा नाही. कधीच नाही. कागद खोटं बोलायला लागला की मशीन माणूस खातं." आज ती मुख्य कचेरीत अपघातांची तपासणी करायची आणि हे वाक्य हाताखालच्या सगळ्यांना ऐकवायची.

"मला बोलवा असं तुम्हीच सांगितलंत म्हणे," ती म्हणाली. "ओडम सांगत होता."

"मग? कुणीतरी टाय घातलेला येणार, त्याला पिंप कुठलं आणि पंप कुठला ते कळणार नाही. तू घरची आहेस." ते थकलेले दिसत होते. डोळे सुजलेले होते. "डेल चांगला पोरगा होता. पण सगळ्याच पोरांसारखा. खुर्चीत बसल्या बसल्या तक्ते भरले असणार. मी हिवाळ्याच्या कामांचा मुख्य, मी बघायला हवं होतं. तेवढा माझा दोष लिही. पण त्याला चोर-बिर म्हणू नका कुणी. तो काही चोर नव्हता."

"आणि केबल?"

"लुहानच्या पोरांनी काढली असेल. नाहीतर कधी घातलीच नसेल."

ओरालियाने मान हलवली. हे सगळं पटण्यासारखं होतं. व्हर्जिल सांगत होते म्हणून तर जास्तच.

दुपारी ओडमने तिला आपल्या खोलीत बसवलं. भिंतीवर सुरक्षिततेचं नवंकोरं मानपत्र लटकत होतं.

"हे कधी मिळालं?"

"नऊ जानेवारीला. त्याचंच जेवण होतं त्या दिवशी. बाहेर हिरवळीवर टेबलं मांडली, सगळ्यांनी बाह्या सरसावून ब्रिस्केटचं भाजलेलं मांस हाणलं. इतकं ऊन की माझं टक्कल भाजलं. डेलसुद्धा होता. त्यावरून सांगतो, काम सोडून जेवण हाणलं आणि कागद नंतर भरला." ओडम पुढे वाकला. "मॅडम, गुरुवारपर्यंत अहवाल मिळाला तर बरं. गावकरी गेटवर येऊन शिव्या घालतायत."

"डेल वर गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कंट्रोल रूममध्ये. डेलही रविवार संध्याकाळपासून तिथेच. जेवलासुद्धा खुर्चीत. पाण्याची पातळी वेडीवाकडी दिसायला लागली तेव्हाच उठला तो. रेडिओवर व्हर्जिलशी बोलत बोलत गेला. ते रेकॉर्ड झालंय सगळं. ऐकायचंय?"

३

ओरालियाने कानाला यंत्र लावलं.

आधी नुसता वारा. मग डेलचा धापा टाकणारा आवाज. "व्हर्जिल, खालच्या स्विचच्या पेटीपाशी आहे मी. केबलचं बटण चालू आहे. हिरवा दिवाही लागलाय. तरी नळी गोठलीच कशी?"

बराच वेळ काही नाही. ओरालियाने घड्याळ लावून पाहिलं. अकरा सेकंद.

मग व्हर्जिलचा आवाज. "वर जाऊन वितळव."

"गरम हवेची बंदूक घेऊ?"

"त्याला वेळ लागेल. गॅसची टॉर्च घे. थेट पत्र्यावर आच धर."

"पण..." डेल क्षणभर थांबला. "बरं. तुम्ही म्हणता तर."

त्यानंतर शिडीवरच्या बुटांचे आवाज आले. पुढचं ओरालियाने ऐकलं नाही. यंत्र बंद केलं.

एक गोष्ट तर उघड होती. केबल नाही हे डेलला ठाऊक नव्हतं. बसल्या जागी कागद भरणाऱ्यालाही ते ठाऊक नसू शकतं, हे खरं. पण आणखीही काहीतरी टोचत होतं आणि ते काय हे तिला धरता येईना.

लुहान गेटबाहेर आपल्या पिकअपमध्ये बसला होता. ओडमने त्याचा पास काढून घेतला होता.

"या, बसा सेन्योरा. चोराच्या गाडीत बसायला चालत असेल तर."

"वही ठेवतोस ना तू?"

त्याने चमकून पाहिलं आणि आसनाखालून एक तेलकट वही काढली. "बाप म्हणायचा, गोऱ्याचं काम करताना सगळं लिहून ठेव. केबलच्या अंगावर दर फुटाला आकडा छापलेला असतो. कुठल्या नळीवर कुठला तुकडा घातला, ते मी लिहितो. हे बघा. संच एक, पातळीची नळी. अकराशे ऐंशी ते बाराशे सव्वीस. घातल्यावर वीज मोजली, एक पूर्णांक नऊ. ऑक्टोबर होता, गरम होतं."

"रविवारी, सोमवारी कुठे होतास?"

"घरी. इथून साठ मैल. रस्ता बंद होता, शेरीफच्या माणसांना विचारा. माझाही पाइप फुटला." तो वही मिटता मिटता थांबला. "खरं तर केबल कमी पडायला हवी होती ती संच दोनला. दोनची केबल डिसेंबरात जळाली, आणि सरकारी तपासनीस आठवड्यावर आलेला. मी म्हटलं, नवी मागवा. तर कारखान्याने सांगितलं, सहा आठवडे लागतील."

"मग?"

"मग चार दिवसांत कचेरीतून निरोप. आली, बसवली, तू येऊ नकोस. मी म्हटलं, आभाळातून पडली का काय?"

"निरोप कुणाचा?"

"कागदावर सही ओडमसाहेबांची होती."

४

मेथडिस्ट चर्चच्या सभागृहात अजून पन्नासएक माणसं मुक्कामाला होती. घरातले पाइप फुटलेले, म्हातारे, तान्ह्या पोरांवाल्या बाया. मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, रटरटत होता. खिडकीजवळच्या टेबलाशी डेलची बायको ट्वायला दोन मुलांना घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"तुम्ही कंपनीच्या ना?" ट्वायलाने विचारलं. "मग लवकर बोला. तुमच्याशी बोलताना दिसले तर उरलेसुरलेही बोलायचं बंद करतील."

"कुणी काही म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? मघाशी जेवणाच्या रांगेत मिसेस ट्रॅम्मेल म्हणाल्या, बाई गं, एक सही करण्याआधी जरा वर जाऊन बघितलं असतं तर. त्यांचा नवरा ऑक्सिजनवर होता. वीज गेली आणि..." तिने मुलांकडे पाहून वाक्य गिळलं. "मुलगा विचारतोय, पप्पांनी माणूस मारला का. काय सांगू त्याला? तुम्हीच सांगा."

ओरालियाने खुर्ची जवळ ओढली.

"डेल असा नव्हता हो. व्हर्जिल म्हणजे त्याचा देव. व्हर्जिलनी सांगितलं की झालं. रविवारी कामावर जायच्या आधीचीच गोष्ट. आमच्या अंगणातल्या पाइपला केबल आहे, तरी तोंडाशी जरा गोठलं होतं. माझा भाऊ गॅसची टॉर्च घेऊन निघाला, तर डेल केवढा ओरडला त्याच्यावर! म्हणे, केबल असलेल्या नळीला कधी आच दाखवायची नाही, केबल जळून जाईल, व्हर्जिलनी पहिल्याच दिवशी शिकवलंय मला. माझा भाऊ अजून रुसलाय." ती हसायला गेली आणि तिला हुंदका आला.



मघापासून टोचत होतं ते हेच. ओरालियालाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं. त्याच माणसाने, त्याच शब्दांत. आणि सोमवारी पहाटे त्याच माणसाने डेलला रेडिओवरून सांगितलं होतं, थेट पत्र्यावर आच धर.

केबल असलेल्या नळीला व्हर्जिल हॅस्क्यू जन्मात आच लावू देणार नाहीत. लावू दिली, त्या अर्थी तिथे केबल नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"काय झालं?" ट्वायलाने विचारलं. "तुमचा चेहरा असा का झाला?"

"काही नाही," ओरालिया उठली. "मी उद्या पुन्हा येते. कुठे जाऊ नकोस."

५

बुधवारी सकाळी ती आधी ओडमकडे गेली.

"डिसेंबरात संच दोनसाठी नवी केबल आली?"

"आली ना."

"तुम्ही पाहिलीत?"

"मी कशाला बघू? व्हर्जिलनी सांगितलं आली, बसवली. मी कंत्राटदाराला कळवलं. तपासनीसाने पाहिली, शेरा दिला. झालं." मग त्याचा चेहरा बदलला. "का हो?"

"ही फाइल कुठे असते एरवी?"

"वर्कशॉपच्या कपाटात. सोमवारी दुपारी मी मागितली, तेव्हा व्हर्जिलनीच आणून दिली."

ओरालिया लुहानला आपल्या जबाबदारीवर आत घेऊन आली. संच दोन अखंड घरघरत होता. संच एकच्या धक्क्याने तोही बंद पडला होता; सोमवारी मध्यरात्री पुन्हा सुरू झाला, आणि तेव्हापासून गावाला मिळत होती ती वीज त्याचीच. दोघं चार मजले चढून वर गेली. नळी तशीच, माचीही तशीच. लुहानने पत्र्याचं एक टोक अलगद उचललं. आत काळी केबल होती आणि तिच्यावर पांढरे आकडे होते.

"वाच," ती म्हणाली. तिला स्वतःला वाचवेना.

"अकराशे ऐंशी." लुहानने टोपी मागे सारली. "माझीच आहे, सेन्योरा. संच एकवरची."

म्हणजे चोरी नव्हती. एका संचाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर चढवली होती.

तिने खिशातून वीज मोजायचा टाँग टेस्टर काढला आणि केबलला वीज आणणाऱ्या तारेवर त्याचा चिमटा बसवला. हातमोज्यातून बोटं बधिर झाली होती. काच तिने बाहीने पुसली.

चार पूर्णांक तीन. जरा हलून चार पूर्णांक दोन. पुन्हा चार पूर्णांक तीन.

"ऑक्टोबरात एक पूर्णांक नऊ होती ना?" ती हळूच म्हणाली.

"हो मग. गरम होतं तेव्हा. ही केबल गारठा बघून वीज ओढते. आत्ता थंडी आहे म्हणून चार." लुहान थांबला. तो हुशार माणूस होता. "सेन्योरा... तुमच्या त्या कागदावर किती लिहिले होते?"

माचीचा कठडा धरून ती वाऱ्यात तशीच उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते वाऱ्याने आहे असं लुहानला वाटलं असावं. निदान त्याने तसं दाखवलं.

६

वर्कशॉपमध्ये व्हर्जिल एकटेच होते. तिने दार लावून घेतलं, तक्त्याचा कागद टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

"आच धर म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. "रेडिओवर."

व्हर्जिलनी कागद आपल्याकडे ओढला.

"आणि हा आकडा. नऊ जानेवारीला इथे माणसं शर्टात जेवत होती. त्या दिवशी ही केबल दोनच्या वर गेली नसती. बसल्या जागी कुणी भरला असता, तर जुना तक्ता बघून दोन लिहिले असते. चार पूर्णांक तीन हा आकडा हा गारठा येईपर्यंत या केबलवर कुणी पाहिलेलाच नव्हता. म्हणजे कागद रविवारनंतर लिहिला गेला. डेल रविवार संध्याकाळपासून कंट्रोल रूममध्ये होता, उठला तो मरायलाच. लुहान साठ मैलांवर अडकलेला. उरलात तुम्ही आणि ओडम."

"मग ओडम असेल."

"ओडमने खोटं लिहिलं असतं तर मनाला येईल तो आकडा ठोकला असता. टाँग टेस्टर कुठल्या बाजूने धरायचा तेही त्याला कळत नाही." तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "खोटा कागद लिहिण्यासाठीसुद्धा त्या गारठ्यात चार मजले चढून खरा आकडा मोजून येईल, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिलाय, व्हर्जिल."

शेगडीवरची किटली उकळून सांडायला लागली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"हातच वळेना," व्हर्जिल शेवटी म्हणाले. "कागद घेऊन बसलो. म्हटलं काहीतरी टाकू. हातच वळेना. मग गेलो मोजायला."

"डेल मेल्यावर."

"डेल मेल्यावर."

मग ते सगळं बोलले. चाळीस वर्षांत एकाही तपासणीत त्यांच्या नावाला काळं लागलं नव्हतं. मार्चमध्ये निवृत्ती होती. डिसेंबरात संच दोनची केबल जळाली आणि तपासनीस आला. संच एक तेव्हा दुरुस्तीसाठी बंदच होता. एका रविवारी एकट्याने जाऊन केबल काढली, दोनवर चढवली. नवी आली की परत घालू. नवी आली नाही. जानेवारीत संच एक सुरू झाला. हवा गरम होती. फेब्रुवारी उजाडला असता तर सुटले असते. थंडीचा इशारा आला तेव्हा रविवारी त्या नळीभोवती ताडपत्री बांधली, आत गरम हवेचा पंखा ठेवला. पहाटे वाऱ्याने दोन्ही खाली आलं. सोमवारी, लोक डेलभोवती जमलेले असताना, त्यांनी ते उचलून ट्रकमध्ये टाकलं.

"डेलने विचारलं होतं," ओरालिया म्हणाली. "दिवा लागलाय तरी गोठली कशी, असं विचारलं त्याने. अकरा सेकंद तुम्ही गप्प होतात. काय करत होतात त्या अकरा सेकंदांत?"

"रेडिओवर सगळे ऐकत होते, पोरी. ओडम ऐकत होता. 'केबल नाहीये, वर जाऊ नकोस, संच बंद कर', एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं."

"आणि मग खोट्या कागदाखाली त्याचं नाव घालून ते पाप त्याच्या बायकोच्या माथी मारलंत."

"तो गेला होता. त्याला काय फरक..." त्यांनाच ते वाक्य पुरं करवलं नाही.

ओरालियाला अजून एक विचारायचं होतं. कालपासून ती स्वतःला एक उत्तर देत होती आणि ते खरं ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"मला का बोलावलंत? दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. मला दिसेल हे तुम्हाला माहीत होतं. पकडलं जावं असंच वाटत होतं ना तुम्हाला? म्हणून मला?"

व्हर्जिलना हो म्हणणं सोपं होतं. तिने वाट तयार करून दिली होती.

"नाही," ते म्हणाले. "तू माझ्यावर संशय घेणार नाहीस, म्हणून."

तिने कागद घडी करून खिशात घातला.

"ऊठ," ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. "टोपी घे. शेरीफला मी फोन करते. पण त्याआधी तुला एके ठिकाणी जायचंय."

७

चर्चपर्यंत तिने गाडी चालवली. तो शेजारी बसला होता. रस्त्याच्या कडेला माणसं फुटलेल्या पाइपांचे तुकडे ट्रकमध्ये भरत होती. दोघांनी त्याला ओळखून हात वर केला. त्याने केला नाही.

"तू सांग ना," चर्चच्या दारात तो म्हणाला. "मी बाहेर थांबतो. तुला नीट सांगता येईल."

"तू थांब. मी तिला विचारते."

ती आत गेली. ट्वायलाच्या समोर बसून तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. केबलचं, कागदाचं, रेडिओवरचं. धाकट्या मुलीच्या केसांतून ट्वायलाची बोटं फिरत होती, ती मध्येच थांबली.

"व्हर्जिलनी?" ती म्हणाली. "ते आमच्या लग्नात होते."

"मला माहितेय."

"कुठे आहेत?"

"बाहेर उभे आहेत. तू म्हणशील तर आत येतील. नाही म्हणशील तर मी घेऊन जाते."

ट्वायलाने सभागृहावरून नजर फिरवली. चिलीच्या पातेल्यापाशी मिसेस ट्रॅम्मेल काळ्या स्वेटरमध्ये उभ्या होत्या. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी मुलाला भरवत होतं.

"माझ्या कानात सांगून चालायचं नाही," ट्वायला म्हणाली. "माझ्या मुलांनी ऐकलं पाहिजे. ह्या सगळ्यांनी. त्यांना म्हणावं, मध्ये उभं राहून सांगा."

व्हर्जिल आत आला तेव्हा दोनचार जण उठून उभे राहिले. गावात मान होता त्याला. कुणीतरी खुर्ची पुढे केली. त्याने टोपी काढली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, पण बसला नाही.

"मला डेल प्रुइटबद्दल सांगायचंय," तो म्हणाला. हळूहळू सभागृह शांत झालं. "डेलने त्या कागदावर सही केलेली नाही. ती मी केली. त्या नळीवरची केबलही मीच काढली होती, डिसेंबरात."

पत्ते खेळणारा हात टेबलावर थांबला. मिसेस ट्रॅम्मेलनी पळी खाली ठेवली.

तो सांगत गेला. थांबत, अडखळत, पण काही न लपवता. आकडे सगळे बरोबर सांगितले, तारखासुद्धा. मग सोमवारच्या पहाटेपर्यंत आला.

"डेलने मला रेडिओवर विचारलं," तो म्हणाला. "त्याने विचारलं की..."

आणि त्याला पुढे जाता येईना. ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. त्याने मान वळवून ओरालियाकडे पाहिलं. वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं असंच चालायचं. बोलता बोलता त्याचा एखादा शब्द अडला की ती तो पुरवायची आणि तो मान डोलवून पुढे जायचा.

ओरालियाला ते वाक्य तोंडपाठ होतं. या वेळी तिने ते पुरवलं नाही; ती ट्वायलाच्या शेजारी बसून राहिली.

सगळं सभागृह वाट पाहत होतं.